फोन वाजला की कळावं, कुणाचा आहे

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या सगळ्या ताई, आक्का, काकू, मावश्यांना माझा रामराम. जतच्या सीमेवरच्या, घरात कानडी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणींना शरणु.

आज बोलायचंय मोबाईलवर. पण आजचा मोबाईलचा प्रश्न जरा वेगळा आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार गटांच्या बैठकीत मला एकच गोष्ट विचारली गेली. ‘ताई, ज्याच्यात आपल्या पसंतीचं गाणं रिंग म्हणून लावता येईल असा मोबाईल कुठला घ्यायचा?’ एकीनं असं विचारलं की बाकीच्या हसतात. ‘हिला बघा या वयात हौस सुचतीय!’ म्हणतात. विचारणारी लाजते आणि विषय तिथंच मिटतो.

मला हा विषय तिथं मिटवायचा नाही. एक तर बाईला हौस असली म्हणून काय बिघडलं? स्वतःच्या बचतीतून घेतलेला फोन आपल्या आवडीच्या गाण्यानं वाजला तर कुणाचं काय जातं? आणि दुसरं म्हणजे, आपल्यातल्या पुष्कळ जणींसाठी ही हौसेच्या पलीकडची गोष्ट आहे. ती गरज आहे. कशी, ते सांगते.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. ‘स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का?’ असं त्यात बायकांना विचारलं होतं. ग्रामीण भागात शंभरातल्या साधारण ४७ जणीच हो म्हणाल्या. बाकीच्यांच्या घरात फोन असेलही, पण तो नवऱ्याचा नाहीतर पोराचा. म्हणजे तेव्हा निम्म्याहून जास्त बायकांच्या हातात स्वतःचा फोन नव्हता. ज्यांच्या हातात आला, त्यांच्यातल्या कितीतरी जणींना पडद्यावरचं नाव वाचता येत नाही. साठीच्या पुढच्या आक्कांना वाचता येत असलं तरी चष्म्याशिवाय दिसत नाही. हात पिठात असतात, नाहीतर शेणात. फोन खुंटीला पिशवीत वाजत असतो. कुणाचा आहे, कळत नाही.

आमच्या एका गटातल्या आक्कांचं सांगते. नाव सांगत नाही. त्यांची लेक वाळवा तालुक्यात दिलेली, दिवस भरत आलेले. आक्कांच्या फोनवर दिवसभर कंपन्यांचे फोन यायचे. कर्ज घ्या, बक्षीस लागलंय, अमुक बटण दाबा. दहा वेळा उचलून आक्का वैतागल्या आणि त्यांनी फोन उचलायचंच सोडलं. एका दुपारी लेकीनं पाच वेळा फोन केला. आक्का शेजारीच ज्वारी निवडत बसल्या होत्या. ‘वाजू दे मेलं’ म्हणाल्या. कळा सुरू झाल्यात हे त्यांना संध्याकाळी कळलं, ते पण शेजारणीच्या पोराकडून. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या दुपारी आपण लेकीपाशी नव्हतो, हे आक्कांच्या मनातून जात नाही. त्यांच्या फोनला लेकीसाठी वेगळी रिंग असती तर त्या पहिल्याच फोनला उठल्या असत्या. एवढंच करायचं होतं, आणि ते दोन मिनिटांत होतं.

आता मुद्द्यावर येऊ. आधी एक गोंधळ मिटवू. रिंगटोन आणि कॉलर ट्यून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला फोन वाजतो ती रिंगटोन. ती आपल्या फोनमध्ये असते, आपल्याला ऐकू येते आणि तिला एक पैसा लागत नाही. आपल्याला फोन करणाऱ्याच्या कानात गाणं वाजतं ती कॉलर ट्यून. ती आपल्या फोनमध्ये नसतेच, सिमकार्डाच्या कंपनीकडे असते. मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग करोनाची सूचना, आठवतंय? ती अशीच कंपनीकडून वाजायची. म्हणून कॉलर ट्यूनसाठी फोन बदलायची गरज नसते, साध्यातल्या साध्या फोनवर ती लागते. काही पॅकमध्ये ती फुकट असते, काहींत दर महिन्याला पैसे कापले जातात. दुसऱ्याची ट्यून ऐकताना ‘हे गाणं आवडलं तर स्टार दाबा’ असं कुणी म्हटलं, तर कळल्याशिवाय दाबू नका. आपण न मागता अशी सेवा चालू झाली असेल तर १५५२२३ या नंबरवर फोन करून ती बंद करता येते. हा फोन फुकट आहे. ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा चालू करायची नाही, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. तेव्हा बॅलन्स आपोआप कमी होत असेल तर गप्प बसू नका, विचारा.

आता फोन निवडायचा कसा? मी कुठल्या कंपनीचं नाव सांगणार नाही. मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात. आज मी नाव सांगितलं तर दिवाळीपर्यंत ते दुकानात मिळणार नाही. त्यापेक्षा दुकानात काय बघायचं ते सांगते, ते कायम उपयोगी पडेल.

टचस्क्रीनच्या अँड्रॉइड फोनमध्ये आपलं गाणं रिंग म्हणून लावता येतं, तिथं फारसा प्रश्न नाही. सेटिंगमध्ये आवाज, आवाजात रिंगटोन. एखाद्या माणसाला वेगळी रिंग द्यायची तर त्याचा नंबर उघडायचा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबायचं, तिथं रिंगटोन लावायचा पर्याय येतो.

खरा प्रश्न बटणांच्या फोनचा आहे. आणि आपल्यातल्या बहुतेक जणींना बटणांचाच फोन हवा असतो. चार्जिंग दोन-तीन दिवस टिकतं, बॅटरी लावून गोठ्यात जाता येतं, हातातून पडला तरी जीव वर-खाली होत नाही. हजार-दीड हजारापासून पुढे मिळतोही. पण बटणांचे सगळे फोन सारखे नसतात. काहींत कुठलंही गाणं रिंग म्हणून लागतं. काहींत कंपनीनं दिलेल्या पंधरा-वीस रिंगच असतात, त्यापलीकडे काही नाही. काहींत गाणं वाजतं, पण रिंग म्हणून लागत नाही. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. खोक्यावर ‘एमपी थ्री’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गाणी वाजतात एवढाच. ती रिंग म्हणून लागतात असा नाही.

म्हणून दुकानात जाताना एक काम करा. गावातल्या एखाद्या पोरीकडून मेमरी कार्डावर एक गाणं भरून न्या. एमपी थ्री प्रकारात भरायला सांगा, तो प्रकार जवळजवळ सगळीकडे चालतो. दुकानदाराला म्हणा, ‘दादा, पैसे देण्याआधी हे गाणं रिंग म्हणून लावून दाखवा, आणि तुमच्या फोनवरून मला फोन लावा.’ यात संकोच करायचा नाही. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, घागर घेताना वाजवून बघतो, मग फोन का नाही बघायचा?

रिंग लावायचा पर्याय दोन ठिकाणी असतो. एक सेटिंगमधल्या प्रोफाइलमध्ये. दुसरा, गाणं वाजत असताना ऑप्शन दाबल्यावर. दोन्हीकडे बघायला सांगा.

दुसरं, मेमरी कार्ड काढून घ्या आणि परत फोन लावायला सांगा. काही फोनमध्ये गाणं कार्डावर असतं तोवरच ती रिंग वाजते. कार्ड काढलं की जुनी रिंग परत येते. पोरं गाणी भरायला कार्ड काढून नेतात आणि आपली रिंग बदलते, मग आपल्याला वाटतं फोन बिघडला. गाणं फोनच्या स्वतःच्या मेमरीत ठेवता येत असेल तर उत्तम. त्याला जागा फार लागत नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा साधारण अर्ध्या एमबीत बसतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकेका माणसाला वेगळी रिंग देता येते का, ते बघा. आक्कांना हवी होती ती हीच सोय. इथं एक खुबी आहे. पुष्कळ बटणांच्या फोनमध्ये नंबर सिममध्ये साठवला असेल तर त्याला वेगळी रिंग देता येत नाही. तोच नंबर फोनच्या मेमरीत साठवला की देता येते. दुकानदार ‘होत नाही’ म्हणाला तर एवढं करून बघायला सांगा. ही सोय नसेल आणि फोन दोन सिमचा असेल, तर निदान दोन सिमना दोन रिंग देता येतात का ते बघा. एक नंबर घरच्यांसाठी आणि एक गटासाठी, बँकेसाठी, दुकानासाठी. काही फोन तर फोन करणाऱ्याचं नाव किंवा नंबर बोलूनही दाखवतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी त्याची जरूर चौकशी करावी.

चौथं, आवाज. दुकानात पंखा चालू असतो, रस्त्याची गडबड असते, तरी रिंग ऐकू येते का? फोन पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बंद करा आणि दुकानाच्या दाराशी उभं राहून ऐका. शेतात याच्यापेक्षा लांबून ऐकायचं असतं. आणि बैठकीत, दवाखान्यात, मयताच्या ठिकाणी आवाज चटकन बंद करून नुसती थरथर कशी ठेवायची, तेही त्याच वेळी शिकून घ्या.

पाचवं, सिम. जिओचं सिम जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाही, त्याला फोर-जी फोनच लागतो. आणि काही स्वस्त फोर-जी फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम चालतं, दुसरं चालत नाही. आपल्या वस्तीवर रेंज कुणाची येते ते आधी बघा, मग फोन ठरवा. माणच्या एखाद्या खोलगट वाडीत रेंज नसेल तर कितीही गोड रिंग लावली तरी ती वाजणार कशी?

आणखी दोन गोष्टी रिंगच्या नाहीत, पण फोन घेतानाच बघायच्या. एक म्हणजे एफएम रेडिओ. म्हसवडला ९०.४ वर माणदेशी तरंग आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. आपल्या भागात बायकांच्या आवाजात आपल्याच गोष्टी सांगणारी ही केंद्रं. सामुदायिक रेडिओचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो, त्यामुळे फोनला रेडिओ नीट लागला पाहिजे. बटणांच्या पुष्कळ फोनमध्ये हेडफोनची वायर न लावताही रेडिओ लागतो. उलट महागड्या टचस्क्रीन फोनमध्ये रेडिओच नसतो, असं पुष्कळदा दिसतं. दुसरं म्हणजे संकटाचं बटण. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये ही सोय असली पाहिजे, असा नियम आहे. बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की मदतीचा फोन लागतो. ते कुठलं बटण आहे, दुकानदाराला विचारून घ्या. नाहीच जमलं तर सरळ ११२ लावा.

फोन ठरला. आता गाणं कुठलं लावायचं? इथंही एक हिशोब आहे. मोबाईलची घंटी तीस सेकंद वाजते. हा नियम ट्रायनं २०१९ मध्ये ठरवून दिला. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला वीस सेकंद नुसतं संगीत असेल, तर गाण्याचा शब्द कानावर पडेपर्यंत फोन बंद व्हायची वेळ येते. लांबून ओळखू येईल असा तुकडा घ्या आणि तो पहिल्याच सेकंदाला सुरू होईल असा कापून घ्या. टचस्क्रीनवर गाणं कापायची सोय असते, पोरीबाळी एका मिनिटात करून देतात. हळू सुरू होणारं गाणं ऐकायला गोड असतं, पण रिंगसाठी ते चालत नाही. हलगी, ढोल, झांज असा ठणठणीत आवाज विहिरीपर्यंत जातो.

आणि गाणं बाहेरूनच आणलं पाहिजे असं कुठं आहे? बटणांच्या पुष्कळ फोनमध्ये आवाज भरून घ्यायची सोय असते. नातवाला म्हणायला लावा, ‘आज्जे, फोन उचल!’ ते भरा आणि लेकीच्या नंबरला लावा. भरलेला आवाज काही फोनमध्ये रिंग म्हणून लागत नाही, म्हणून हेही दुकानातच तपासून बघा. जात्यावरच्या ओव्या आपल्या आयांना, आज्यांना किती पाठ आहेत! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातल्या ओव्या आपल्या घरातल्या आवाजात कुणी भरून ठेवल्यात? सासूबाईंनी म्हटलेली एक ओवी भावाच्या नंबरला लावून बघा. आपल्या ओव्यांत भाऊ किती येतो, तुम्हाला माहीतच आहे.

गाणी आणताना मात्र सावध राहा. टचस्क्रीनवर ‘फुकट रिंगटोन’ म्हणून कुणी लिंक किंवा ॲप पाठवलं तर ते उघडू नका. लग्नपत्रिका म्हणून, बँकेची माहिती म्हणून अशाच फायली येतात आणि त्यातून फोनमधले ओटीपी चोरले जातात. गाणं घ्यायचं तर ओळखीच्या माणसाकडून, ब्लूटूथनं किंवा कार्डानं घ्या. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं अवघड.

आता एक नाजूक गोष्ट. वेगळी रिंग आपल्याला ओळखू येते, तशी ती घरातल्या सगळ्यांना ओळखू येते. गटाचा फोन आला, माहेरचा फोन आला, हे उंबऱ्यावर बसलेल्या माणसालाही कळतं. बहुतेक घरांत त्यात काही वावगं नसतं. पण जिच्या घरी फोनवरून भांडण होतं, मारहाण होते, तिनं जरा विचार करावा. मदत करणाऱ्या ताईचा नंबर, समुपदेशन केंद्राचा नंबर यांना वेगळी रिंग देऊ नका, साधीच राहू द्या. आणि अशा बहिणींनी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवावा, फोनमध्ये साठवायची गरज नाही.

पैशाचं शेवटी सांगते. फोन घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय नंबर लिहून घ्या. हा पंधरा आकडी नंबर म्हणजे फोनचा सातबारा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. जुना फोन घेत असाल तर ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, मध्ये मोकळी जागा आणि मग तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. बटणांच्या फोनला इंटरनेटचा पॅक मारायची गरज नसते. नुसतं बोलणं आणि मेसेज यांचा वेगळा पॅक कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे, असं ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. दुकानदाराकडे तो नाव घेऊन मागा. आणि गटातून कर्ज काढायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, हा फोन मला कमावून देणार आहे का? ऑर्डरी येतात, शिलाईचं, दुधाचं, पापडाचं गिऱ्हाईक फोनवर बोलतं, तर कर्ज काढा. नुसता फोटो चांगला येतो म्हणून पंधरा हजारांचं कर्ज आणि वर हप्ता, हे आपल्याला परवडणारं नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले की अर्धा तास काढा. सगळ्यांनी आपापले फोन घेऊन गोल बसा. ज्या दोन-तीन पोरी शिकलेल्या आहेत त्यांना बोलवा. प्रत्येकीनं तीनच नंबर निवडायचे, ज्यांचा फोन आला तर हातातलं काम टाकून उठायचं, असे तीन. लेक असेल, आशाताई असेल, दूध डेअरी असेल, ज्याचं त्यानं ठरवावं. त्या तिघांना तीन रिंग लावून घ्या आणि लगेच एकमेकींच्या फोनवरून वाजवून बघा. ज्या फोनमध्ये हे होत नाही, त्याचं मॉडेल वहीत लिहून ठेवा. म्हणजे गटातली दुसरी बाई तोच फोन घेणार नाही. गटाच्या वहीत कर्ज आणि बचत लिहितो, तसं हे शहाणपणही लिहून ठेवू.

आणि कुणी हसलं तर हसू द्या. पुढच्या महिन्यात तीच येऊन विचारेल, ‘माझ्यात पण लावून दे की गं.’

रामराम मैत्रिणींनो.